पाचू घ्यायचाय? आधी तेलाचं विचारा

अंबाडी नाका, वज्रेश्वरी, दुगाड, पडघा या पट्ट्यातल्या वाचकांचा प्रश्न साधारण असा असतो: "ज्योतिषांनी पाच रत्तीचा पन्ना सांगितलाय. भिवंडीत एकाने चार हजार सांगितले, कल्याणला दुसऱ्याने चाळीस हजार. दोघंही म्हणतात खडा खरा आहे. मग फसवतंय कोण?"

कदाचित कोणीच नाही. चार हजारांचा पन्ना, म्हणजेच पाचूही, खाणीतून निघालेला, शंभर टक्के नैसर्गिक असू शकतो. सोन्याचं तसं नाही. शुद्धता ठरली की वजनाला भाव लावला, झालं. पाचूला रोज सकाळी जाहीर होणारा भाव नसतो. कॅरेटला हजार रुपयांच्या आतलेही पाचू मिळतात आणि कॅरेटला काही लाखांचेही. न्यूयॉर्कच्या लिलावात २०१७ साली रॉकफेलर घराण्यातला १८.०४ कॅरेटचा कोलंबियन पाचू विकला गेला तेव्हा कॅरेटला तीन लाख डॉलरहून जास्त भाव पडला. या सगळ्यांचं खनिज एकच, बेरिल. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम मिसळलं की तो हिरवा होतो.

म्हणून दुकानात "खरा आहे ना?" एवढंच विचारून थांबू नका. रंग कसा आहे, आत चिरा किती आहेत, त्या कशाने भरल्या आहेत आणि हे सगळं कोण लिहून देणार, हे विचारा. भाव यावरच ठरतो.

रत्ती, गुंज की कॅरेट?

गोंधळाची सुरुवात वजनापासून होते, म्हणून हे आधी.

कॅरेट ठरलेला आहे: १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्ती मात्र दुकानागणिक बदलते. रत्नांच्या धंद्यात रत्ती साधारण ०.९१ कॅरेटची धरतात. सोनाराची जुनी गुंज, जी ९६ भरल्यावर तोळा होतो, ती सुमारे ०.६१ कॅरेटची. म्हणजे "पाच रत्ती" एका हिशेबाने ४.५५ कॅरेट, तर दुसऱ्या हिशेबाने जेमतेम ३ कॅरेट. भाव २,००० रुपये रत्ती सांगितला, तर पहिल्या हिशेबाने कॅरेटला सुमारे २,२०० रुपये पडतात आणि दुसऱ्या हिशेबाने जवळजवळ ३,३००.

उपाय सोपा आहे. ज्योतिषांनी रत्तीत सांगितलं तरी दुकानात भाव कॅरेटमध्येच मागा. २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार वजन आणि भाव प्रमाणित एककातच सांगायचा असतो, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. खडा तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा आणि काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे का, तेही पाहा. काटा ग्रॅममध्ये असेल तर आकड्याला पाचने गुणा: ०.९१ ग्रॅम म्हणजे ४.५५ कॅरेट.

आणखी एक गोष्ट. पाचू माणकापेक्षा आणि नीलमपेक्षा हलका असतो. त्यामुळे ३ कॅरेटचा पाचू ३ कॅरेटच्या माणकापेक्षा ठळक दिसतो. मोठा दिसला म्हणून वजनाने जास्त आहे असं धरू नका. खडा मोठा होतो तसा कॅरेटमागचा भावही चढतो. एकाच प्रतीचा ४ कॅरेटचा खडा २ कॅरेटच्या खड्याच्या दुप्पट नव्हे, त्याहून महाग पडतो. बजेट आखडतं असेल तर मोठा फिका खडा घेण्यापेक्षा छोटा पण रंगदार घ्या, असं माझं मत आहे.

रंग दुकानाबाहेर पाहा

भावाचा सर्वात मोठा वाटा रंगाचा. शुद्ध हिरवा किंवा किंचित निळसर झाक असलेला हिरवा, भरलेला पण काळवंडलेला नसलेला, हा उत्तम रंग. पिवळसर किंवा राखाडी झाक आली की भाव उतरतो. फारच फिका असेल तर कित्येक प्रयोगशाळा त्याला पाचू म्हणतच नाहीत, अहवालात नुसतं "ग्रीन बेरिल" लिहितात. भाव तिथेच कोसळतो.

दुकानातले दिवे खड्याला शोभतील असे लावलेले असतात. म्हणून:

- दिवसा जा. सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत, थेट उन्हात नव्हे तर सावलीत, पांढऱ्या कागदावर खडा ठेवून पाहा. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला कंटाळू नका.
- पिवळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही दिव्यांखाली पाहा. अंगठी रात्रीच्या लग्नातही घालणार आहात.
- वरून सरळ पाहा. मधोमध फिकी खिडकी दिसत असेल आणि खालची अक्षरं आरपार वाचता येत असतील तर पैलू नीट पाडलेले नाहीत.
- रंग सगळीकडे सारखा आहे की एका कडेला साचला आहे, हे बाजूने पाहा.

आतली जाळी आणि तेल

पाचूत जाळी, म्हणजे आतल्या चिरा आणि डाग, असणारच. हिऱ्याच्या सवयीने "एकही डाग नको" म्हणत पाचू शोधणारा माणूस दुकानदाराच्या आयताच हातात सापडतो. निर्दोष, गर्द हिरवा, मोठा आणि स्वस्त, या चारही गोष्टी एकत्र सांगितल्या की समोर काच किंवा कारखान्यातला खडा येण्याची शक्यता फार. "ग्रहासाठी खडा निर्दोषच हवा" ही अट घालून कमी पैशात खरेदीला निघालेले लोक याच वाटेने फसतात. ग्रहांचं फळ मिळतं का, हा या लेखाचा विषय नाही. पण खडा सुचवणारा आणि विकणारा एकच असेल, किंवा "अमुक दुकानातूनच घ्या" असा आग्रह असेल, तर त्या शिफारशीत कोणाचा वाटा आहे हे ओळखायला पत्रिका लागत नाही.

जाळी भिंग न लावता पाहा. हातभर अंतरावरून खडा जिवंत दिसतो की धुरकट? धुरकट असेल तर भाव कमी हवा. मात्र एक गोष्ट भिंगातून बघाच: एखादी चीर पृष्ठभागापर्यंत आली आहे का आणि ती कडेला, विशेषतः कोपऱ्याला जाऊन भिडते का? असा खडा कोंदणात बसवतानाच तुटू शकतो. पाचूला कोपरे छाटलेला चौकोनी पैलू देतात तो कोपरे वाचावेत म्हणूनच.

आता तेल. बाजारातल्या बहुसंख्य पाचूंच्या चिरांमध्ये तेल किंवा राळ भरलेली असते. तेल भरल्यावर चिरा दिसेनाशा होतात आणि खडा स्वच्छ वाटतो. सीडार लाकडाचं रंगहीन तेल ही जुनी पद्धत धंद्यात मान्य आहे. तेल भरलं म्हणून खडा खोटा ठरत नाही. पण तेल किती आहे यावर भाव अनेक पटींनी बदलतो, आणि विक्रेत्याने सर्वात कमी वेळा सांगितलेली गोष्टही हीच. म्हणून हे तीन प्रश्न विचाराच:

- काय भरलंय? तेल काही वर्षांत सुकतं आणि चिरा पांढऱ्या दिसू लागतात. जाणकार कारागीर ते पुन्हा भरून देतो. राळ जास्त टिकते, पण काही राळी पिवळट किंवा दुधाळ होतात आणि मग काढणं कठीण जातं.
- किती भरलंय? अहवालात हे अत्यल्प, किरकोळ, मध्यम, लक्षणीय अशा पायऱ्यांनी दिलेलं असतं. दिसायला सारखे दोन खडे असले तरी किरकोळवाल्याची आणि लक्षणीयवाल्याची किंमत एकच असू शकत नाही. अजिबात न भरलेला, स्वच्छ आणि रंगदार पाचू दुर्मीळ असतो आणि तसाच महागही.
- रंग घातलाय का? हिरवा रंग मिसळलेलं तेल भरणं ही सरळ फसवणूक. फिका खडा गर्द दिसतो आणि वर्षा-दोन वर्षांत उतरतो. पांढऱ्या मऊ कागदात खडा पुसल्यावर हिरवट डाग आला तर पुढे बोलूच नका.

पाचूसारखे दिसणारे

- हिरवी काच. भिंगातून गोल बुडबुडे दिसतात आणि पैलूंच्या कडा बोथट वाटतात.
- रंगवलेला गारगोटीचा खडा आणि "हिरवा ऑनिक्स". कमी किमतीत हे खुशाल घ्या, पण पाचूच्या भावाने नको.
- जोडखडा: वर-खाली रंगहीन चकत्या आणि मध्ये हिरवा थर. कोंदणात बसल्यावर कळत नाही. सुटा असताना पाण्यात बुडवून बाजूने पाहिला तर जोड दिसतो.
- प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू. रासायनिकदृष्ट्या हाही पाचूच. अमेरिकेत कॅरोल चॅथम यांनी १९३० च्या दशकातच असे खडे बनवले. स्वच्छ, सुंदर आणि खाणीतल्यापेक्षा खूप स्वस्त. रोजच्या दागिन्यासाठी घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त बिलावर तसं लिहिलेलं हवं.

घरच्या परीक्षा सोडून द्या

दुधात टाकला की दूध हिरवं दिसतं, डोळ्यावर ठेवला की गार वाटतो, वाफ लगेच उडते: यातली एकही परीक्षा काच आणि पाचू यांत खात्रीने फरक करत नाही. काचेवर ओरखडा काढून पाहणं तर मूर्खपणा. गारगोटीही काच ओरबाडते, आणि तुमच्या पाचूचा कोपरा उडाला तर नुकसान तुमचंच.

काही दुकानदार एका गडद चष्म्यातून खडा लाल दिसतो असं दाखवून "झाली खात्री" म्हणतात. हा चेल्सी फिल्टर. त्यातून कोलंबियाचे बरेच पाचू लाल दिसतात, पण प्रयोगशाळेतलेही लाल दिसतात, आणि झांबियाचे कित्येक अस्सल पाचू हिरवेच राहतात. म्हणजे लाल दिसला तरी निष्कर्ष नाही, न दिसला तरी नाही.

प्रमाणपत्र कसं वाचायचं

खड्याची किंमत तपासणीच्या खर्चाच्या मानाने बरीच असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. अंबाडीहून सोयीची जागा मुंबईच. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही १९७१ पासूनची संस्था आणि आंतरराष्ट्रीय जाळं असलेली आयजीआय, दोन्ही मुंबईत आहेत. निघण्याआधी शुल्क, वेळ आणि सुटा खडाच लागतो की दागिनाही चालतो, हे फोनवर विचारा. भिवंडी-ठाण्याची वाहतूक पाहता हा फोन एक अख्खा दिवस वाचवेल.

अहवाल हातात आला की पुढच्या ओळी शोधा:

1. खनिज आणि प्रकार. "नॅचरल बेरिल, एमराल्ड" असं हवं. "सिंथेटिक" किंवा "लॅबोरेटरी ग्रोन" असेल तर खडा खाणीतला नाही. प्रकाराच्या जागी नुसतं "ग्रीन बेरिल" असेल तर तो पाचूच्या भावाचा नाही.
2. वजन आणि मापं. स्वतः मोजून जुळवा. दुसऱ्याच खड्याचा कागद जोडून देणं ही जुनी चलाखी.
3. प्रक्रियेची ओळ. तेल किंवा राळ किती, हे इथे असतं. "नॅचरल" याचा अर्थ खाणीतला, "काहीच न भरलेला" असा नव्हे. ही ओळच नसेल तर अहवाल अर्धा आहे.
4. क्रमांक. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या मोबाइलवरून तपासा, दुकानदाराच्या नव्हे.
5. किंमत. ओळख पटवणाऱ्या अहवालात ती सहसा नसते. दुकानदाराच्या स्वतःच्या कार्डावर "मूल्य ८०,०००, सवलतीत २०,०००" छापलं असेल तर त्या ऐंशी हजारांना काहीही अर्थ नाही.

खाणीच्या नावाचे पैसे मोजावेत का?

कोलंबियाच्या मुझो आणि चिवोर खाणींना नाव आहे आणि नावाला भाव आहे. झांबियाचा पाचू बहुधा किंचित निळसर, आणि आपल्या बाजारात तोच फार दिसतो. आपल्याकडे राजस्थानात अजमेर-राजसमंद पट्ट्यात १९४० च्या दशकात पाचू सापडला, पण जयपूरची कीर्ती आज खाणीपेक्षा पैलू पाडण्यासाठी जास्त. जगभरातला कच्चा पाचू तिथे येतो. "जयपूरचा पाचू" म्हणजे जयपूरला घडलेला, एवढंच धरा. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्याच्या खाणी हिऱ्यांच्या आहेत, तिथला पाचू म्हणून कोणी विकत असेल तर नमस्कार करून निघा.

लहान आणि मध्यम खड्यांसाठी खाणीच्या नावाला जादा पैसे देऊ नका. "कोलंबियन" म्हणून जास्त मागितले तर ते नाव अहवालावर मागा.

अंगठीत बसवताना

खडा आधी सुटा निवडा, तपासा, वजन लिहून घ्या, मगच घडवायला द्या. शक्य असेल तर बसवताना समोर थांबा.

हॉलमार्कबद्दल एक मोठा गैरसमज आहे. सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल एक अक्षरही नाही. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन, खड्याची किंमत आणि घडणावळ असे चार वेगळे आकडे हवेत. खड्याचं वजन सोन्यात मिसळून सोन्याच्या भावाने लावलेलं बिल दिसलं तर तिथेच थांबवा.

दुरुस्तीला देताना "खड्याला आच लावू नका" हे तोंडाने सांगा. आचेने तेल बाहेर येतं, चिरा वाढतात. दुकानातल्या कंपनांच्या यंत्रात किंवा वाफेने पाचू कधीच धुऊ नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे.

आणि आपल्या भागापुरतं खास: वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या गरम कुंडांत उतरण्यापूर्वी अंगठी काढून ठेवा. गरम पाण्याने तेल सुटतं, आणि तिथल्या पाण्यात चांदीही काळी पडते. लावणी, झोडणी, यंत्रमागाचं काम करणाऱ्यांनी अंगठी रोज घालायचीच असेल तर खड्याच्या चारही कडा झाकणारी बैठक करून घ्यावी. पाचू ओरखड्याला टणक आहे, आपटण्याला नाही.

आजीची नथ, तन्मणी, चिंचपेटी

घरातल्या जुन्या नथीत किंवा तन्मण्यात हिरवा खडा असतो आणि घर वाटणीच्या वेळी त्याची किंमत आकाशाला भिडते. जुना म्हणून तो पाचूच, असं नाही. काच आणि जोडखडे शंभर वर्षांपूर्वीही होते. जुन्या बंद कोंदणात खड्याखाली रंगीत चमकता पत्रा असतो, त्यामुळे फिका खडाही गर्द दिसतो. उलटही घडतं: काळवंडलेल्या कोंदणातला मळकट खडा चांगला पाचू निघतो.

म्हणून सोन्याची मोड करण्याआधी खडे पारखून घ्या. मोडीत सोनार खड्याचं वजन वजा करतो आणि खडे कित्येकदा तिथेच राहतात. "काचा आहेत, ठेवा" असं म्हटलं तरी सगळे खडे मोजून परत घ्या. कोंदण उचकटण्याची घाई नको. चांगल्या घडणीच्या जुन्या दागिन्याला अख्खा असताना जी किंमत येते ती सुट्या सोन्याला आणि खड्याला मिळून येत नाही.

विकायला गेलात तर

गुंतवणूक म्हणून पाचू घेऊ नका. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे हातात आलेल्यांना "सोन्यापेक्षा रत्नं वाढतात" असं सांगणारे भेटतात, त्यांना "तुम्हीच हा परत कितीला घ्याल?" एवढं विचारा. सोनं कोणत्याही गावात मोडता येतं. पाचू परत घेणारा शोधावा लागतो, आणि तो घाऊक भावाच्याही खाली बोलतो. सोनेतारण कर्जात बँक खड्याची किंमत धरत नाही. परतखरेदीची हमी देत असतील तर टक्केवारी, मुदत आणि ती रोख की दुसऱ्या खरेदीवर, हे बिलावर लिहून घ्या.

फसवणूक झाली तर

पक्कं बिल हा सगळ्याचा पाया. त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, "नैसर्गिक पाचू", कॅरेटमधलं वजन, प्रक्रिया आणि अहवालाचा क्रमांक असू द्या. "बिलाशिवाय घ्या, कर वाचेल" म्हणणाऱ्याकडे तुमचा कर वाचतो आणि त्याची जबाबदारी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणं दुकानदाराला कायद्याने चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. म्हणून खडा घेतला की त्याच महिन्यात तपासून घ्या, सणाला काढू म्हणून कपाटात ठेवू नका.

क्रम असा ठेवा:

1. दुकानदाराला लेखी कळवा, अहवालाची प्रत जोडा, पोच घ्या. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर ते पुसू नका. ऑनलाइन मागवलेला खडा असेल तर पाकीट उघडतानाचं चित्रीकरण फार उपयोगी पडतं.
2. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.
3. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. खरेदी कल्याणला किंवा मुंबईला झाली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे अंबाडीकरांना ठाणे. पन्नास लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे येतात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

खडा खोटा की खरा असा वाद आयोगापुढे उभा राहिला तर आयोग तो मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तपासणीचं शुल्क आधी तुम्हाला भरायला सांगितलं जाऊ शकतं. तोवर खडा आहे तसाच ठेवा. दुसऱ्या सोनाराकडून काढून, पुसून, पुन्हा तेल भरून घेतलेला खडा आयोगापुढे नेला तर "हा आमच्याकडचा नव्हेच" म्हणायला दुकानदाराला जागा मिळते.